मदत हवी आहे: आजीच्या कामाच्या टेबलाभोवती नवे स्वयंपाकघर कसे आखावे?

नमस्कार. आमचे स्वयंपाकघर येत्या दोन महिन्यांत पूर्णपणे नव्याने करायचे ठरले आहे. त्यात आजीकडून आलेल्या काही वस्तू नुसत्या शोभेला न ठेवता रोजच्या कामात याव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आतापर्यंत जे दोन आराखडे माझ्यापुढे आले, ते पाहून मन खट्टू झाले, म्हणून सविस्तर लिहून आपला सल्ला मागत आहे.

वस्तू चार आहेत. पहिली म्हणजे आजीचे कामाचे टेबल. ते भरीव लाकडाचे, १२० सेंटिमीटर लांब, ७० सेंटिमीटर रुंद आणि ७६ सेंटिमीटर उंच आहे. दुसरे ९५ सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल असे उंच, दोन दारांचे कपाट, ज्यावर रंगाचे किमान तीन थर असून खालचा थर जागोजागी पोपडे होऊन निघतो आहे. तिसरी गोष्ट म्हणजे तांब्याची पाच भांडी, ज्यांच्या आतली कल्हई दोघांची शाबूत आहे आणि तिघांची गेलेली आहे. चौथी तिच्या हातची पाककृतींची वही.

यातले टेबल माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. त्याच्या एका लांब कडेला, मध्यापासून जरा डावीकडे, वीतभर लांबीची झीज आहे. तिथून बोट फिरवले की कड आधी बोथट होत जाते, मग हलकेच आत वळते आणि पुन्हा पहिल्यासारखी धारदार होते. आजी डावखुरी होती. ती त्याच जागी उभी राहून चिरायची, मळायची, निवडायची आणि आम्ही मुले टेबलाच्या पलीकडे तिच्याकडे तोंड करून बसायचो. ती काम करता करता बोलायची, आणि कोणाला काही हवे असेल तर तिला जागचे हलावे लागत नसे. मला वारसा म्हणून जपायची आहे ती ही बसण्या-बोलण्याची आणि कामाची रचना. मीही डावखुरीच आहे, हे इथे सांगणे आवश्यक वाटते.

खोली ३.६ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद आहे. दार एका आखूड भिंतीत आहे आणि समोरच्या आखूड भिंतीत खिडकी. खिडकीकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताला जी लांब भिंत येते, तिच्या मध्यावर शेगडी आणि दाराजवळच्या टोकाला फ्रीज राहील. सिंक खिडकीखाली येईल. आराखडा करणाऱ्यांनी या दोन्ही भिंतींना पूर्ण लांबीचा, ६० सेंटिमीटर खोलीचा ओटा दाखवला, टेबल बाहेरच्या खोलीत हलवायला सांगितले आणि वारशाची आठवण म्हणून कपाटांच्या दारांवर कोरीव नक्षीच्या पट्ट्या चिकटवण्याचे सुचवले. त्यांचा हेतू चांगला असेल, परंतु ती नक्षी आमच्या घरात कधीच नव्हती. शिवाय भांडी निथळण्याची जागा त्यांनी सिंकच्या डावीकडे दिली आहे, जी उजव्या हाताने घासणाऱ्याला सोयीची असते. मी भांडे उजव्या हातात धरून डाव्या हाताने घासते, त्यामुळे प्रत्येक भांडे मला अंगावरून पलीकडे न्यावे लागेल.

या निमित्ताने थोडे वाचनही केले. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने १९२६ मध्ये आखलेले फ्रँकफुर्ट किचन मला फार शिकवून गेले. साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटरच्या त्या अरुंद खोलीत पावले वाचवण्याचा किती बारकाईने विचार केला होता! बसून काम करता यावे म्हणून फिरते स्टूल होते, छतावरच्या पट्टीवर पुढेमागे सरकवता येणारा दिवा होता आणि कोरड्या जिन्नसांसाठी तोटीच्या आकाराचे अॅल्युमिनियमचे डबे होते, ज्यांतून जिन्नस थेट भांड्यात ओतता येत असे. मात्र ती खोली एकाच व्यक्तीसाठी होती, शेजारी बसायला कोणाला जागा नव्हती, आणि मला नेमकी तीच जागा हवी आहे. कार्यक्षमता आणि सोबत या दोन्ही गोष्टी माझ्या खोलीत बसतील का, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

टेबल खोलीच्या मध्यभागी ठेवून पाहिले, तर ओट्याकडे ८५ आणि मागच्या भिंतीकडे ८५ सेंटिमीटर उरतात, आणि दोन्हीकडे अडचण होते. टेबल उंच करून घ्यावे का, हेही कळत नाही. कोपर काटकोनात वाकवले असता माझ्या कोपराची जमिनीपासूनची उंची १०४ सेंटिमीटर भरते आणि त्या टेबलावर चिरताना मला वाकावे लागते. कपाटाचा रंग, भांड्यांची कल्हई आणि दिव्यांची योजना यांबद्दलही मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद १

ताई, तुमची मापे कागदावर मांडून पाहिली. खोली पुरेशी आहे, टेबल बाहेर नेण्याचे काहीच कारण नाही. ते मध्यभागी ठेवण्याचा आग्रह मात्र सोडावा लागेल.

खोलीची ३ मीटर रुंदी अशी वाटून घ्या: ओटा ६० सेंटिमीटर, त्यापुढे ११० सेंटिमीटर मोकळी वाट, मग टेबलाची ७० सेंटिमीटर रुंदी आणि त्यामागे ६० सेंटिमीटर. एका व्यक्तीने काम करायचे असेल तर दोन कामाच्या जागांमध्ये साधारण १०७ सेंटिमीटर अंतर असावे असे मानतात, आणि तेवढे तुम्हाला मिळते. मागच्या ६० सेंटिमीटरमध्ये खुर्च्या ठेवू नका, कारण खुर्ची मागे ओढायला जागा नाही. तिथे भिंतीला टेकून ४५ सेंटिमीटर खोल आणि तितकाच उंच बाक करून घ्या. बाक आणि टेबलाची कड यांत १५ सेंटिमीटर उरतात, म्हणजे माणसे बाजूने सरकून आत बसू शकतील आणि त्यांची तोंडे आपोआप काम करणाऱ्याकडे येतील. आजीच्या वेळची बैठक हीच होती ना? टेबल ठेवताना झिजलेली कड ओट्याच्या बाजूला येईल एवढे पाहा.

आता उंचीचे. टेबल कापू नका आणि पायांखाली ठोकळेही देऊ नका. ४५ सेंटिमीटर उंच बाकासाठी ७६ सेंटिमीटरचे टेबल अगदी योग्य आहे, ते उंच केले तर बसणाऱ्यांचे खांदे वर चढतील. चिरण्यासाठीची जागा कोपरापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली असावी लागते, म्हणून तुमचा ओटा ९० ते ९२ सेंटिमीटर उंच घ्या आणि उभ्याने चिरणे तिथे करा. मळताना अंगाचा भार खाली द्यावा लागत असल्यामुळे त्याहून खालची जागा बरी पडते. टेबलावर ४ सेंटिमीटर जाडीचा लाकडी पाट ठेवला की पृष्ठभाग ८० सेंटिमीटरवर येतो आणि काम झाले की पाट उचलून ठेवता येतो. निवडणे आणि सोलणे बसूनच करा, कारण ती कामे उभ्याने करायची गरज नसते, आणि कंबरेसाठी याहून मोठा दिलासा नाही.

खिडकीच्या भिंतीचा ओटा पूर्ण ३ मीटर नेऊ नका. दोन ओट्यांच्या कोपऱ्यापासून १७० सेंटिमीटरवर तो थांबवा. उरलेल्या कोपऱ्यात तुमचे ९५ सेंटिमीटरचे कपाट बाकाच्याच भिंतीला पाठ लावून उभे राहील, आणि त्याची पुढची बाजू ४५ सेंटिमीटरवर येत असल्याने दारे उघडायला ८५ सेंटिमीटर मोकळे मिळतील. शेगडीची धग आणि सिंकचे पाणी या दोन्हींपासून ते दूर राहते, हा मोठा फायदा. उंच कपाट भिंतीला पक्के बांधून घ्यायला मात्र विसरू नका, विशेषतः घरात लहान मुले येत-जात असतील तर.

सिंक, शेगडी आणि फ्रीज यांच्यातली अंतरे प्रत्येकी १.२ ते २.७ मीटर आणि बेरीज सुमारे ८ मीटरच्या आत असावी, असा एक जुना दंडक आहे. १९४० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात झालेल्या अभ्यासामुळे त्याचा प्रसार झाला. तुमच्याकडे ही अंतरे अंदाजे १.७, १.५ आणि ३.१ मीटर येतात. फ्रीज ते सिंक हे अंतर दंडकापेक्षा जास्त आहे, पण माझ्या मते ते तसेच राहू द्यावे. फ्रीज दाराशी असल्यामुळे घरातल्या इतरांना तुमच्या पायांत न येता हवे ते काढता येते, आणि फ्रीजमधून काढलेल्या गोष्टी तुम्ही बहुतेक वेळा टेबलावरच ठेवणार आहात.

निथळणीबद्दल तुमचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे, आणि त्यातून एक चांगली गोष्ट साधते. ती सिंकच्या उजवीकडे, म्हणजे दोन ओट्यांच्या कोपऱ्यात जाईल. कोपऱ्याची खोल जागा एरवी हात न पोहोचल्यामुळे वाया जाते. ओट्याखाली दारांच्या कपाटांऐवजी पूर्ण बाहेर येणारे खण करा, म्हणजे मागची वस्तू काढायला खाली बसावे लागणार नाही.

दिव्यांसाठी छताच्या मध्यावरच्या एकाच दिव्यावर विसंबू नका. ओट्याकडे तोंड केले की आपलीच सावली सुरीवर पडते. वरच्या कपाटांच्या खाली, पुढच्या कडेला लागून पट्टीचा दिवा द्या आणि टेबलावर एक लोंबता दिवा. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर उजेड निवडा, आणि दिव्याचा रंगदर्शक निर्देशांक (CRI, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचे माप) ९० च्या वर असेल असे पाहा. तो कमी असला की लाकूड आणि तांबे दोन्ही मळकट दिसतात, आणि मग खोलीत कितीही जुन्या वस्तू ठेवल्या तरी ऊब येत नाही.

प्रतिसाद २

वरील मांडणीशी मी सहमत आहे. मी फक्त कपाट, भांडी आणि वही यांबद्दल लिहितो.

कपाटाला हात लावण्यापूर्वी रंगाची शिशासाठी तपासणी करून घ्या. जुन्या तेलरंगांत शिसे वापरले जात असे आणि तो रंग कोरडा घासला की धूळ हवेत मिसळते, जी लहान मुलांना विशेष घातक असते. शिसे निघाले तर स्वतः घासण्याच्या फंदात पडू नका, जाणकाराकडूनच काम करून घ्या. तपासणीचा निकाल येईपर्यंत त्यात खाण्याचे काही ठेवू नका. रंग सुरक्षित निघाला तर सगळे थर उतरवण्याची घाई करू नये असे मला वाटते. सुटलेले पोपडे काढून, लाकूड कोरडे करून, वर एक हलका थर दिला तरी पुरते. भिंतीला ओल येत असेल तर कपाटामागे दोन-तीन सेंटिमीटर हवा खेळू द्या.

कल्हई गेलेल्या तांब्याच्या भांड्यांत आंबट पदार्थ शिजवणे किंवा साठवणे टाळावे, कारण आम्लात तांबे उतरते. त्या तिघांना पुन्हा कल्हई करून घ्या किंवा पळ्या आणि डाव उभे ठेवायला ओट्यावर वापरा, म्हणजे रोज हात लागेल. शाबूत कल्हईची दोन भांडी स्वयंपाकाला चालतील, पण ती रिकामी आचेवर ठेवू नका. कल्हई कथलाची असते, आणि कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते आणि रिकामे भांडे त्या तापमानाला पोहोचायला वेळ लागत नाही. घासायला मऊ स्पंजच घ्या.

वही स्वयंपाकघरात ठेवू नका. वाफ, तेलाचा हात आणि उजेड, तिन्ही शाईला आणि कागदाला वाईट. प्रत्येक पानाची स्वच्छ छायाप्रत काढून ती बाकाजवळ हाताशी ठेवा, आणि मूळ वही कोरड्या, अंधाऱ्या जागी. छायाप्रतीवर तुमच्या स्वतःच्या नोंदी करायलाही मन कचरणार नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी जमिनीवर चिकटपट्टीने संपूर्ण आराखडा आखून पाहिला. ११० सेंटिमीटरच्या वाटेत उभी राहून शेगडीकडून टेबलाकडे वळले, तर एकाच पावलात काम होते. बाकाच्या जागी दोन पेट्या ठेवून आईला बसवले आणि टेबल सरकवून खुणेवर आणले, तेव्हा झिजलेली कड बरोबर माझ्या डाव्या हाताशी आली. आईने एकच बदल सुचवला. बाकाचे बसायचे फळकूट उचलून उघडता यावे, म्हणजे रोज न लागणारी मोठी भांडी त्याखाली राहतील. तो आराखड्यात घेतला आहे. रंगाचा नमुना तपासणीला देते आहे.

आता एकच विचारायचे राहिले. सुतार म्हणतात की टेबलाला रंधा मारून वरचा भाग एकसारखा करून देतो. पृष्ठभागावर डाग आणि सुरीचे चरे पुष्कळ आहेत, त्यामुळे त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. परंतु रंधा मारला तर ती झीज जाईल का?

प्रतिसाद २

कडेपर्यंत रंधा फिरला तर नक्की जाईल, म्हणून रंधा नकोच. कोमट पाण्यात पिळलेल्या कापडाने पुसा, दोन दिवस सावलीत वाळू द्या आणि जिथे लाकूड खरखरीत लागते तेवढ्याच जागी बारीक पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने फिरवा. मग खाण्याच्या पृष्ठभागाला चालेल असे तेल पातळ हाताने लावून, पंधरा-वीस मिनिटांनी जादाचे पुसून घ्या. जवसाचे तेल वापरणार असाल तर पुसलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून मोकळ्या हवेत पसरून वाळवा. चरे राहिले तरी बिघडत नाही, कारण चिरण्याचे काम आता ओट्यावर होणार आहे. झिजलेल्या कडेला तेलाचा एक हात जास्त द्या, तिथे लाकडाचे तंतू उघडे पडलेले असतात आणि ती जागा तेल जास्त पिते.