भुसावळात पंकसाठी ड्रमर मिळेल का?

महिनाभर फ्युगाझी हा अमेरिकन पंक रॉक बँड ऐकतोय. वॉशिंग्टनचे, गाणी त्यांच्यातल्याच एकाच्या डिस्कॉर्ड या रेकॉर्ड लेबलवर, तिकीट बहुतेकदा पाच डॉलर असायचं. दोन गिटारी भांडतात, बेस मात्र आपला डुलत चालतो. मी आणि चुलतभाऊ काकांच्या केळीच्या गोडाऊनमध्ये वाजवतो. (अ‍ॅम्प एकच, त्यात दोघं.) पण ड्रमर कुठून आणू?

— भो, लग्नाच्या बँडमधला ताशावाला धर. आमच्याकडे कानबाईच्या मिरवणुकीत एक जण दोन तास थांबला नव्हता.

— दम चालेल, पण फ्युगाझी मधेच थांबतात, तिथे तो अडखळेल. आधी रामोन्स या पंक बँडचा १९७६चा पहिला अल्बम ऐकव. १४ गाणी, अर्ध्या तासाच्या आत खलास. गिटारचे फटके सगळे वरून खाली. मनगट भरून येतं, तेच खरं शिक्षण.

— (मूळ प्रश्नवाला) एक ताशावाला सापडला! रामोन्स ऐकवलं. शेवभाजी ओरपत म्हणाला, "हाई ते दुप्पटच शे, तिप्पट वाजाडू का?" रविवारी गोडाऊनला बोलावलाय. काकांना अजून सांगितलेलं नाही.