पुढच्या काचेचं अळवाचं पान करायचं का?

कर्रकर्र
सरळ मुद्द्यावर येतो. गाडीच्या पुढच्या काचेला ते पाणी पळवणारं कोटिंग लावू नका. मी लावलं, तीन महिने वापरलं, आता काढायच्या मागे लागलोय.

झालं काय, व्हिडिओ बघितले. त्यात माणूस फडक्यावर चार थेंब घेतो, काचेवर गोल गोल चोळतो, मग पाण्याचा पाईप सोडतो आणि पाणी असं सुर्रकन पळतं की वाटावं ही काच नाहीच, अळवाचं पान आहे. पहिल्या हायवे ट्रिपला खरंच तसं झालं, खोटं कशाला बोलू, भर पावसात वायपर बंद ठेवून बायकोला कौतुक दाखवत बसलो. मग एकदा रात्रीचा शहरातला ट्रॅफिक लागला. झिमझिम पाऊस, स्पीड वीस-पंचवीस, काचेवर हजारभर थेंब आणि एक जागचा हलेल तर शपथ, वर प्रत्येक थेंबात समोरच्याचा हेडलाईट. वायपर लावला तर थडथड थडथड, रबर सरकायच्या ऐवजी उड्या मारत जातंय, आणि ते गेलं की मागे एक धुरकट पट्टा राहतो, तो विरेपर्यंत वायपर परत हजर. साध्या काचेला यातलं काही नव्हतं. म्हणजे जिथे दिसत होतंच तिथे अजून छान दिसायला लागलं आणि जिथे आधीच कमी दिसायचं तिथे चाचपडायची वेळ आली. हा कुठला सौदा?

निशाचर
साफ असहमत. माझं निम्मं ड्रायव्हिंग रात्रीचं आणि हायवेवरचं आहे, पाच-सहा वर्षं कोटिंगशिवाय पावसात गाडी काढलेली नाही. तुम्ही झिमझिमीचं सांगताय, मी मुसळधार पावसाचं सांगतो. शेजारून ट्रक गेला आणि त्याने बादलीभर गढूळ पाणी काचेवर मारलं तर साध्या काचेवर वायपर फुल स्पीडला असला तरी सेकंद-दीड सेकंद समोर फक्त पांढरं दिसतं, तो काळ जीव मुठीत धरून काढायचा असतो. कोटिंग असेल तर ते पाणी फुटून बाजूला होतं आणि ट्रकचा मागचा दिवा दिसत राहतो. साठच्या पुढे गेलात की वारा थेंबांना काचेवर टिकूच देत नाही.

आणि हा फक्त माझा अनुभव नाही. १९९७ साली मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेत कोटिंगवाल्या आणि साध्या काचेची तुलना झाली होती. पावसात कोटिंगवाल्या काचेतून बारीक गोष्ट ओळखता येण्यात सुमारे ३४ टक्के सुधारणा दिसली, आणि छोटी वस्तू दिसून प्रतिसाद द्यायला एक सेकंदाहून कमी वेळ लागला असं नाही, तर एक सेकंदाहून जास्त वेळ *वाचला*. ऐंशीच्या स्पीडला एका सेकंदात गाडी बावीस मीटर जाते. बघा सौदा कुठला ते.

संथगती
धागाकर्त्याला +१. निशाचरभाऊ, ती तुलना ताज्या कोटिंगची की तीन महिने वायपरने घासलेल्या कोटिंगची? कारण भांडण तिथेच आहे. नवं कोटिंग सगळ्यांनाच आवडतं, नव्या नवरीसारखं. मग वायपर जिथे फिरतो तो भाग आधी झिजतो, वरचा कोपरा तसाच राहतो, मग काचेचा एक भाग पाणी पसरवतो आणि दुसरा गोळे करतो. त्या अर्धवट अवस्थेत जे दिसतं ते साध्या काचेपेक्षा वाईटच.

निशाचर
मग परत लावा की! दाढी रोज करता ना. वीस मिनिटांचं काम आहे.

रसायनवाली
मी कुठल्याच बाजूची नाही (माझी गाडी नवराच चालवतो, मी शेजारी बसून सूचना करते), पण अळवाच्या पानाचा दाखला आला म्हणून राहवलं नाही. सगळी गडबड त्या उपमेत आहे.

स्वच्छ काचेला पाणी आवडतं. थेंब टाकला की तो पसरतो, काच आणि थेंबाची कड यांच्यातला कोन अगदी कमी असतो. कोटिंगमधलं सिलिकॉन किंवा फ्लोरिन असलेलं सिलेन नावाचं रसायन काचेच्या पृष्ठभागाला रासायनिक बंधाने चिकटतं आणि बाहेरच्या बाजूला पाण्याला न आवडणारी शेपटी राहते. मग कोन १०५ ते ११० अंशांपर्यंत जातो, थेंब फुगीर होतो. पण गुळगुळीत पृष्ठभागावर कितीही भारी रसायन लावलं तरी हा आकडा १२० च्या आसपास अडतो. अळवाच्या पानावर तो दीडशेच्या वर असतो, कारण तिथे मेणाच्या जोडीला डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि थेंब त्या उंचवट्यांच्या टोकांवर, हवेच्या गादीवर बसतो. म्हणून तो गडगडतो. काचेवर असले उंचवटे करायचे तर ते वायपरच्या पहिल्या फेरीत जातील, आणि मोठे झाले तर काच दुधाळ दिसेल.

म्हणजे कोटिंगवाली काच म्हणजे अर्धवट अळू. थेंब गोल होतो पण बुडाशी चिकटलेला राहतो. पुरेसा मोठा झाला तर वजनाने ओघळतो, जोराचा वारा मिळाला तर पळतो, दोन्ही नसेल तर बसून राहतो. झिमझिम पाऊस आणि संथ ट्रॅफिक म्हणजे थेंब बारीक आणि वाराही नाही. धागाकर्त्यांना जे दिसलं ते कोटिंग बिघडल्यामुळे नाही, कोटिंग नीट काम करत असल्यामुळे दिसलं.

आणि गोल थेंब म्हणजे एकेक भिंग. साध्या काचेवर पाण्याचा सपाट थर असेल तर प्रकाश त्यातून बराचसा सरळ येतो, भिंगांतून तो विखुरतो. रात्री समोरून हेडलाईट आला की हजार भिंगं एकदम पेटतात.

कर्रकर्र
ताई, शेवटची तीन वाक्यं मी फ्रेम करून लावतो. केस क्लोज.

निशाचर
कसली क्लोज? त्यांनी हेही सांगितलंय की वारा मिळाला की थेंब पळतो. माझ्याकडे वारा आहे, तुमच्याकडे सिग्नल आहे. आणि सिग्नलला उभं असताना तुम्हाला असं काय बघायचं असतं? विमानांच्या काचांनाही हेच करतात. पूर्वी बोईंगच्या विमानांत वैमानिक बटण दाबून काचेवर पाणी पळवणारं द्रव फवारायचे, त्यात ओझोनला मारणारं सीएफसी होतं म्हणून ते बंद झालं आणि त्याऐवजी काचेवर कायमचं कोटिंग आलं. वैमानिकाला चालतं आणि आपल्याला नाही?

संथगती
वैमानिक अडीचशेच्या स्पीडला उतरतो हो. त्याच्या पुढे रिक्षा आडवी येत नाही. आणि विमानांना वायपरही असतात, ते काढून टाकलेले नाहीत.

रबरपट्टी
मी काचा बसवायचं काम करतो, पंधरा वर्षं झाली. थडथडीबद्दल बोलतो, बाकी तुमचं चालू द्या.

वायपरचं रबर काचेला टेकून चालत नाही, पाण्याच्या पातळ पापुद्र्यावरून घसरत चालतं. कोटिंगने तो पापुद्रा फुटतो, रबर कोरडं पडतं, अडकतं-सुटतं अडकतं-सुटतं, तीच थडथड. हे झालं एक कारण. पण माझ्याकडे थडथडीच्या ज्या गाड्या येतात त्यातल्या बऱ्याच गाड्यांत कोटिंगचा दोष नसतो. एक बघा, थडथड जाताना-येताना दोन्ही वेळा होते की एकाच दिशेला? एकाच दिशेला होत असेल तर वायपरचा आर्म किंचित पिळलेला असतो. रबराची कड प्रत्येक फेरीला दुसऱ्या बाजूला झुकली पाहिजे, आर्म वाकडा असेल तर ती एका बाजूला झुकतच नाही, ढकलली जाते. आर्म सरळ करून घ्या, पैसे वाचतील.

दुसरं, कोटिंग लावायच्या आधी काच साफ केली होती का? आणि साफ म्हणजे पाणी मारून फडकं फिरवलं तसं नाही. पुढच्या गाडीचा धूर, रस्त्यावरचं तेल, गाडी धुताना लावलेलं वॅक्स, या सगळ्याचा थर काचेवर बसतो, दिवसा दिसत नाही. कोरड्या काचेवर मगभर पाणी ओता. पाणी एकसंध चादरीसारखं उतरलं तर काच साफ. मध्येच तुटलं, ठिपके-बेटं झाली तर तेल आहे. त्या तेलावर कोटिंग लावलं तर ते काचेला धरणारच नाही, तेलाला धरेल आणि दोन आठवड्यात डागाडागाने निघेल. सेरियम ऑक्साईडच्या पॉलिशने घासायचं, हात दुखेपर्यंत.

कर्रकर्र
जाताना ठीक, येताना थडथड. 😐

साफ म्हणाल तर शाम्पू, पाणी आणि फडकं.

रबरपट्टी
झालं तर मग.

निशाचर
🙂 मी काही बोलत नाही.

कर्रकर्र
बोलू नकाच. भिंगांचा मुद्दा तसाच आहे. आणि अजून एक, कोटिंग लावल्यापासून ऑटो वायपर येड्यासारखे वागतात. पाऊस थांबला तरी फिरतात, आणि खरोखर पडतो तेव्हा झोपलेले.

रसायनवाली
ते शक्य आहे. आरशामागचा सेन्सर काचेतून तिरपा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो, काच कोरडी असेल तर तो आतल्या आत परावर्तित होऊन परत येतो. बाहेर पाणी टेकलं की काही प्रकाश त्या पाण्यातून निसटतो, परत येणारा कमी होतो, त्यावरून सेन्सर ठरवतो की पाऊस आहे. पसरलेल्या पाण्यात आणि टेकण कमी असलेल्या गोल थेंबात फरक पडणारच. एखादा थेंब नेमका तिथेच अडकून बसला तर सेन्सरच्या दृष्टीने पाऊस चालू. तेवढा चौकोन सोडून लावायचं.

आता तुम्ही दोघांनी सोडलेली गोष्ट. फ्लोरिनवाली कोटिंग्ज जास्त टिकतात, पण ती ज्या पीएफएएस या फ्लोरिनवाल्या रसायनांच्या कुटुंबातली आहेत ती निसर्गात जवळजवळ विघटन न होणारी म्हणून बदनाम आहेत. २०२३ मध्ये जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांनी मिळून या अख्ख्या कुटुंबावर निर्बंध आणायचा प्रस्ताव युरोपियन रसायन संस्थेकडे दिला. वायपरने झिजलेलं कोटिंग जातं कुठे? रस्त्यावर, तिथून गटारात. सिलिकॉनवालं लवकर उतरतं पण त्यात हे फ्लोरिनचं लचांड नाही. रेन-एक्स हे काचेचं पाणी पळवणारं द्रव १९७२ पासून त्याच जोरावर चाललंय. बाटलीवर "सिरॅमिक" लिहिलं म्हणून आत काय आहे ते कळत नाही, घटक वाचा.

हेल्मेटधारी
चारचाकीवाल्यांनो, तुमच्याकडे वायपर आहे म्हणून ही चैन चाललीय. हेल्मेटच्या काचेला काय आहे? ग्लोव्ह्जचं बोट. मला थेंब पळणं हा एकच आधार. फक्त इशारा: हेल्मेटची काच खरी काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं, गाडीच्या काचेचं द्रव त्यावर लावलं तर त्यातला सॉल्व्हंट तिला चिरा पाडू शकतो किंवा धुरकट करू शकतो. मी एक व्हायझर असा घालवलाय. प्लास्टिकवर चालतं असं लिहिलेलंच घ्या.

मागची_सीट
बटाटा कापून काचेवर चोळतात तो उपाय चालतो का? आजोबा करायचे.

रसायनवाली
आजोबा वेगळ्या पक्षाचे होते 😄 बटाट्याच्या रसाने थेंब होत नाहीत, उलट पाणी पसरतं, सपाट थर होतो. म्हणजे धागाकर्त्यांना हवंय ते. एका पावसात धुऊन जातं ही गोष्ट वेगळी. पाणी पसरवणारी कोटिंग्ज खरोखर असतात, टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पडला की पाणी त्यावर थेंब न होता सपाट पसरतं, बाजूच्या आरशांसाठी ते वापरलंय.

संथगती
बघा! आरशाला पसरवणारं चांगलं तर पुढच्या काचेला पळवणारं का?

रबरपट्टी
कारण आरसा वाऱ्याच्या आडोशाला असतो. त्यावर पळवणारं लावलं की गोळे तिथेच बसतात, मागचा ट्रक दिसायच्या ऐवजी द्राक्षं दिसतात. दरवाज्यांच्या काचांचं उलटं. तिथे वायपर नसतो, झीज नाही, थडथड नाही, वारा घासून जातो. एकदा नीट लावलं तर पुढच्या काचेपेक्षा कितीतरी जास्त टिकतं. मला कोणी विचारलं तर मी आधी दरवाज्यांच्या काचांना लावायला सांगतो, म्हणजे निदान आरसा बघायची खिडकी साफ राहते. पुढच्या काचेचं ज्याच्या त्याच्या रस्त्यावर. आणि आतल्या बाजूला कोणीही लावू नका, आतली वाफ वेगळी भानगड आहे, तिला एसी लावून हवा काचेवर सोडायची.

निशाचर
शहरात रात्री झिमझिम पावसात त्रास होतो हे मान्य, मलाही होतो, मी तेव्हा वायपर सतत चालू ठेवतो. पण त्यासाठी हायवेवरचा फायदा सोडायला मी तयार नाही. मला जे मारेल ते वीसच्या स्पीडला मारणार नाही.

संथगती
तुम्हाला नाही मारणार. रस्ता ओलांडणाऱ्याला वीसचा स्पीडही पुरतो, आणि काळा रेनकोट घातलेला माणूस तुमच्या त्या हजार भिंगांच्या मागेच असतो.

निशाचर
...हे मात्र खरं बोललात.

कर्रकर्र
अपडेट देतो. रविवारी आर्म सरळ करून घेतला, थडथड ऐंशी टक्के गेली (रबरपट्टी, दंडवत). तरी पुढच्या काचेचं कोटिंग घासून काढलंच, सेरियमचं पॉलिश, दोन तास, अजून खांदा वर होत नाही. मगभर पाणी ओतलं तर चादर उतरली, बायको म्हणाली एवढ्यासाठी एवढं? काल रात्री पाऊस होता, त्याच रस्त्याने मुद्दाम गेलो, समोरचा हेडलाईट एकच दिसला, एका जागी. आरशांचंही काढलं. दरवाज्यांच्या काचांचं ठेवलंय, आणि मागच्या काचेचंही.

निशाचर
दरवाज्यांच्या चार आणि मागची एक. पाच काचा माझ्या, एक तुमची.