मदत हवी आहे: मेदुप या कोरियन गाठकामातली शेवंतीची गाठ एकसारखी आवळायची कशी?

कोरियन मेदुप पद्धतीचं पेंडंट करतेय, हानबोक या कोरियन पारंपरिक पोशाखावर लटकवतात त्या नोरिगे नावाच्या दागिन्यासारखं. मधे शेवंतीची गाठ, म्हणजे गुखवा, आणि खाली रेशमी गोंडा. आवळताना पाकळ्या लहानमोठ्या होतात. मेदुपचं सगळं सौंदर्य डावं-उजवं सारखं असण्यात, मागून-पुढून सारखं दिसण्यात आहे; त्यामुळे हे चालवून घेववत नाही. दोर सॅटिनचा, २ मिलिमीटर जाडीचा, फार निसरडा.

ढील गाभ्यापासून टोच्याने एकेक पदर ओढत बाहेर काढायची, की आधी पाकळ्या टाचण्यांनी बोर्डावर पक्क्या करायच्या? पटवेकरी दागिने गाठवायला वापरतात तो पिळाचा दोरा चालेल का? मेदुपचा दोर गोल विणलेला असतो, म्हणून शंका येते. कुणाकडे आवळतानाचे फोटो असतील तर प्लीज टाका.