प्रतिसाद: जिरोना अर्ध्या दिवसात?

स्पेनमधल्या बार्सिलोनाहून सकाळी जिरोना शहर, दुपारी फिगेरेसला चित्रकार दालीचं संग्रहालय, असा एका दिवसाचा बेत इथे कुणी सुचवलाय. जमेल, जिरोनाहून फिगेरेसला गाडीने तासभरही लागत नाही. पण जिरोनाची नुसती धावपळ होईल.

कॅथेड्रलच्या नव्वदेक पायऱ्या चढून दम लागतो, तो आत गेल्यावर विसरायला होतो. मधे एकही खांब नाही! सुमारे २३ मीटर रुंदीचं एकसंध दालन. गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपीय शैलीच्या चर्चमध्ये जगात सर्वांत रुंद. एवढं रुंद छत खांबांशिवाय पेलेल का, यावर १४१६च्या सुमारास स्थपतींची बैठक बसवून एकेकाचं मत घेतलं होतं.

खाली 'काय्' ही जुनी ज्यू वस्ती. १४९२मध्ये ज्यूंना स्पेनमधून हाकललं. दाराच्या चौकटीच्या दगडात तिरकी खाच दिसली तर थांबा, तिथे मेझुझा, म्हणजे ज्यू धर्मवचनांची छोटी गुंडाळी, बसवलेली असे. ओन्यार नदीवरचा लाल लोखंडी पूल १८७७चा, आयफेलच्या कंपनीचा. (मनोरा नंतरचा!)

दुसरा दिवस काढता आला तर बेसालू या जवळच्या गावाला जा. रेल्वे नाही, बस आहे. तिथला मध्ययुगीन पूल मधेच काटकोनात वळल्यासारखा वाटतो, कारण पाये नदीतल्या खडकांवर जमतील तसे घेतलेत. दाली पुढच्या खेपेला.