४० किलोपास्कलच्या जेलवरही मूलपेशी गोलच का राहतात?

प्रश्न: मानवी मेसेंकायमल मूलपेशी (हाड, कूर्चा, चरबी बनवू शकणाऱ्या पेशी), पॉलिॲक्रिलामाइड जेल. मऊ जेल ०.७ किलोपास्कल (कडकपणाचं माप), कडक ४० (८ टक्के ॲक्रिलामाइड, ०.४८ टक्के बिस, म्हणजे साखळ्या जोडणारा घटक). काचेवर पेशी छान पसरतात, पण २४ तासांनी दोन्ही जेलवर गोल. यॅप प्रथिन (कडक पृष्ठभागावर पेशी पसरली की केंद्रकात जाणारं) केंद्रकात दिसतच नाही. जेल चुकलं का?

प्रतिसाद १: जेलपेक्षा कोलॅजनचा लेप तपासा. पॉलिॲक्रिलामाइडला पेशी स्वतःहून चिकटत नाहीत, त्यामुळे लेप बसला नाही की ४०वरही त्या गोलच राहणार. बहुतेक वेळा दोष सल्फो-सॅनपाचा (कोलॅजन जेलला जोडणारं, प्रकाशाने सक्रिय होणारं रसायन) असतो. पाण्यात ते काही मिनिटांतच निकामी व्हायला लागतं. म्हणून डीएमएसओ या द्रावकात विरघळवून छोटे भाग उणे ८० अंशांना ठेवा. वापरायच्या क्षणी ५० मिलिमोलर हेपिस बफरमध्ये (पीएच ८.५) ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर करा, लगेच जेलवर ओता आणि ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाखाली १० मिनिटं ठेवा. केशरी रंग तपकिरीकडे झुकला पाहिजे. हेपिसने दोनदा धुवा, मग कोलॅजन-१, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, रात्रभर ३७ अंशांवर. ट्रिस बफर अजिबात नको, त्यातले अमाइन गट कोलॅजनची जागा अडवतात. लेप बसला का, हे कोलॅजनच्या अँटिबॉडीने रंगवून बघा. दोन्ही जेलवर चमक सारखी हवी, नाहीतर तुलनेला अर्थच नाही.

प्रतिसाद २: जाडीही बघा. १८ मिलिमीटरच्या काचेवर २५ मायक्रोलिटर थेंब म्हणजे साधारण १०० मायक्रोमीटर, तेवढी पुरते. फार पातळ झालं तर मऊ जेलखालची काच पेशींना जाणवते. आणि पेशी विरळ पेरा, चौरस सेंटिमीटरला दोन-तीन हजार. दाटी झाली की कडक जेलवरही यॅप केंद्रकाबाहेर जातं.

प्रश्नकर्ता: सॅनपा पाण्यात करून आठवडाभर फ्रीजमध्ये होतं. लेप सुधारल्यावर ०.७वर पेशी गोल राहिल्या, तर ते खरं मानायचं?

प्रतिसाद १: ४०वर पसरल्या आणि लेप सारखा असेल, तर हो. मऊवर गोल राहणं हेच अपेक्षित आहे.

प्रतिसाद ३: एक कसोटी जोडा: ४०वर पसरलेल्या पेशींना ५० मायक्रोमोलर ब्लेबिस्टॅटिन (पेशीला आकुंचवणारं मायोसिन प्रथिन रोखणारं रसायन) द्या. मायोसिनचा ताण गेला की यॅप केंद्रकाबाहेर यायला हवं. तुलनेसाठी शेजारी नुसत्या डीएमएसओची थाळी ठेवा. निळ्या प्रकाशात ब्लेबिस्टॅटिन बिघडून विषारी होतं, तेव्हा थाळ्या फॉइलमध्ये गुंडाळा आणि पेशी स्थिर केल्यावरच ४८८ नॅनोमीटरची निळी लेझर लावा.