पांढऱ्या घोड्याचे खोरे पाहण्यास जात आहोत: घोडा, टेकडी आणि आपला कातळसडा

सड्यावरचा (राजापूर तालुका) यांचा प्रश्न

सर्वांस नमस्कार. माझी मुलगी सध्या ऑक्सफर्ड येथे शिकत असून येत्या जुलैमध्ये आम्ही उभयता तीन आठवड्यांसाठी तिच्याकडे जात आहोत. लावणीच्या दिवसांत घर सोडणे जिवावर येते, तरी यंदा धाकट्या भावाने शेत सांभाळण्याचे कबूल केले आहे. लंडनची मला फारशी ओढ नाही. मात्र ऑक्सफर्डपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका खोऱ्याची छायाचित्रे मुलीने पाठवली आणि तेव्हापासून मनात दुसरे काही येईनासे झाले आहे. हिरव्यागार टेकडीच्या उतारावर मोजक्याच रेषांत काढलेला, धावत्या पवित्र्यातला एक पांढरा घोडा आहे आणि खालच्या साऱ्या मुलखाला त्याच्याच नावाने 'व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स' असे म्हणतात.

ही चित्रे पाहून मी इतका अस्वस्थ का झालो, हे येथे सांगणे आवश्यक आहे. आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या, सपाट माथ्यावर, कातळशिल्पे (कातळात खोदलेली जुनी चित्रे) आहेत: एक मोठा मासा, दोन मनुष्याकृती आणि नक्षीने भरलेली एक चौकट. लहानपणी गुरे घेऊन जात असू, तेव्हा म्हातारी माणसे ती पांडवांनी काढल्याचे सांगत आणि त्यांच्यावर पाय ठेवू देत नसत. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या जमिनीत चिरेखाण (बांधकामासाठी जांभ्याचे चिरे कापण्याची खाण) सुरू झाली आणि कटिंग मशीनची एक सरळ रेघ माशाच्या शेपटीवरून गेली. खाणवाल्याला तेथे काही आहे याची कल्पनाच नव्हती. आम्ही एका कार्यालयात अर्ज दिला, त्याची पोच मिळाली आणि पुढे काहीही झाले नाही.

म्हणून विचारतो. तो घोडा आपल्या चित्रांसारखा कोरलेला आहे की आणखी कशा प्रकारे केलेला आहे? तो इतकी शतके टिकला कसा आणि त्याची देखभाल कोण करते? शिवाय त्या खोऱ्यात एका दिवसात, गुडघेदुखी असलेल्या पत्नीला बरोबर घेऊन, आणखी काय पाहता येईल?

गुहागरकर यांचे उत्तर

नोकरीनिमित्त अकरा वर्षे त्या खोऱ्याजवळच्या स्विंडन शहरात राहिलो आणि त्या टेकडीवर किती वेळा गेलो याची गणती नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

घोडा सुमारे ११० मीटर लांब आहे. तो टेकडीत कोरलेला आहे असे सर्रास म्हटले जाते, परंतु खरे पाहता तो कोरलेला कमी आणि भरलेला अधिक आहे. त्या काळच्या लोकांनी उतारावर चर खणले आणि त्यांत कुटलेला खडूचा दगड ठासून भरला. काही ठिकाणी हा थर जवळजवळ एक मीटर खोल आहे. अशा चरांवर दर काही वर्षांनी नवा खडू घातला नाही, तर कडेचे गवत आत सरकत येते आणि एखाद्या पिढीच्या अवधीत घोडा दिसेनासा होऊ शकतो. तीन हजार वर्षांत एकाही पिढीने हे काम पूर्णपणे सोडून दिले नाही, म्हणूनच तो आज दिसतो.

तीन हजार वर्षे हा आकडा मी अंदाजाने सांगत नाही. इ. स. ८७१ मध्ये इंग्लंडमधील सॅक्सन राजा आल्फ्रेडने चाल करून आलेल्या डेन लोकांवर मिळवलेल्या विजयाचे स्मारक म्हणून हा घोडा काढला, अशी समजूत कित्येक वर्षे होती. आल्फ्रेडचा जन्म याच खोऱ्यातील वॉन्टेजचा आणि तेथील चौकात त्याचा पुतळाही आहे, त्यामुळे ही समजूत लोकांना प्रिय होती. पुढे १९९० च्या दशकात घोड्याच्या चरांतील मातीची तपासणी झाली. मातीतील क्वार्ट्झच्या कणांनी शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पाहिला, हे या पद्धतीने मोजता येते. त्यातून घोडा इ. स. पूर्व १३८० ते ५५० या काळातला, म्हणजे आल्फ्रेडच्या किमान चौदाशे वर्षे आधीचा ठरला.

आता देखभालीविषयी. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत आसपासच्या गावांचे लोक काही वर्षांच्या अंतराने टेकडीवर जमून घोडा साफ करीत, आणि त्याला जोडूनच जत्रा भरे. कुस्त्या होत, शर्यती होत, आणि घोड्याच्या खाली जी खोल घळ आहे तिच्या उतारावरून चीजचे गोल चाक गडगडत सोडून तरुण त्यामागे धावत. अशी शेवटची मोठी जत्रा १८५७ साली झाली. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या वैमानिकांना खूण मिळू नये म्हणून घोडा झाकून टाकावा लागला आणि युद्ध संपल्यावर तो पुन्हा उघडा करण्यात आला. आज टेकडी नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे असून दर उन्हाळ्यात स्वयंसेवक खडू कुटण्याचे काम करतात.

दोन उन्हाळे मीही त्या कामाला गेलो होतो. आपल्याला एक लहान हातोडा, गुडघ्याखाली घ्यायची गादी आणि खडूच्या खड्यांची बादली मिळते. खडे चरात पसरून ते पिठासारखे होईपर्यंत कुटायचे आणि पुन्हा पुन्हा ठोकून पृष्ठभाग घट्ट बसवायचा. तासाभरात हात, केस, भुवया सगळे पांढरे होते. मी घोड्याच्या पाठीच्या रेषेत बसलो होतो आणि जेमतेम दोन हात लांबीचा पट्टा माझ्या वाट्याला आला होता. तेथून घोडा मुळीच दिसत नाही, दिसतो तो केवळ आपल्यापुढचा पांढरा पट्टा. माझ्या आधी त्याच जागी गुडघे टेकून बसलेल्या माणसांची रांग मनातल्या मनात मोजू लागलो आणि मला भरून आले. अलीकडे डोक्याचा आणि मानेचा भाग गवत सरकल्याने बराच अरुंद झाला होता, तो पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली २०२४ मध्ये पूर्ववत रुंद करण्यात आला.

भूगोलाचे मास्तर (दापोली) यांचे उत्तर

गुहागरकरांनी घोड्याविषयी सर्व सांगितलेच आहे, मी त्याखालच्या जमिनीविषयी लिहितो, कारण सड्यावर राहणाऱ्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटेल.

त्या खोऱ्याच्या दक्षिणेला खडूच्या डोंगरांची एक लांबलचक कड आहे आणि पायथ्याशी चिकणमातीची सपाट जमीन आहे. खडूचा दगड पावसाचे पाणी शोषून घेतो, त्यामुळे माथ्यावर ओढा दिसत नाही. खाली मात्र पाण्याला मुरण्यास वाट न मिळाल्याने ते पायथ्याच्या रेषेत झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. जुनी गावे याच रेषेवर एकापाठोपाठ एक वसलेली दिसतात. आपल्या सड्यांवरही पाऊस जांभ्यातून झिरपतो, खालच्या चिकट मातीच्या थरावर अडतो आणि उतारावर झरा होऊन फुटतो. त्याच्याच आधाराने आपल्या वाड्या, आगर (नारळ-पोफळीच्या बागा) आणि पऱ्ये (लहान ओढे) आहेत. त्या खोऱ्यातले पाणी ऑक नावाच्या लहान नदीत जाते आणि ती पुढे ॲबिंग्डनजवळ टेम्सला मिळते.

गावांच्या सीमाही पाहण्यासारख्या आहेत. पायथ्याच्या अनेक गावांच्या हद्दी अरुंद, उभ्या पट्ट्यांसारख्या आहेत, म्हणजे प्रत्येक गावाला खालची ओली कुरणे, मधली शेतजमीन आणि माथ्यावरचे मेंढ्यांचे रान यांचा वाटा मिळावा. आपल्याकडे खालचा मळा, मधली भरड जमीन आणि वरचा सडा यांत एकाच घराचा वाटा असतो, त्यामागचा विचार हाच आहे.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. घोड्याचे वय ठरवता आले, कारण त्याच्या चरांत माती गाडली गेलेली होती. आपली बहुतेक कातळशिल्पे उघड्या कातळावर असून मोजण्याजोगी गाडलेली माती तेथे सहसा नसते. म्हणूनच त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत अजून एकमत नाही. एका चिऱ्याबरोबर रेषा गेली, तर तिच्याबरोबर भोवतालच्या कातळावरचा पुरावाही जातो.

पाखाडी यांचे उत्तर

प्रवासाविषयी थोडे लिहिते. आम्ही मागील वर्षी सासूबाईंना घेऊन गेलो होतो आणि त्यांचेही गुडघे दुखतात. टेकडीवर जवळपर्यंत गाडी जाते, वाहनतळापासून पुढे गवताळ चढ आहे. तो सावकाश चढता येतो, परंतु पायऱ्या किंवा कठडे नाहीत, म्हणून काठी सोबत असावी. गाडी नसल्यास ऑक्सफर्डहून फॅरिंगडनमार्गे स्विंडनला जाणारी बस घेता येते, परंतु फॅरिंगडनहूनही टेकडी दूर पडते, त्यामुळे टॅक्सी ठरवणे सोयीचे होईल.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टेकडीवर उभे राहून संपूर्ण घोडा दिसत नाही. आम्ही दोन तास त्याच्या कानाजवळ आणि डोळ्याजवळ फिरलो, पण खरा घोडा दिसला तो परतताना, उत्तरेकडे दूर गेल्यावर, गाडीच्या मागच्या काचेतून. सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला उतरून पाचेक मिनिटे पाहत उभ्या राहिल्या. तेव्हा जाताना किंवा येताना ग्रेट कॉक्सवेल बाजूचा रस्ता घ्यावा. त्या गावात तेराव्या शतकाच्या अखेरीस मठाच्या शेतीसाठी बांधलेले दगडी धान्यकोठार आहे, तेही पाहावे. आतले लाकडी खांब आणि वरची छपराची कैची पाहून आपल्या जुन्या देवळांच्या सभामंडपांची आठवण होते.

घोड्याच्या अगदी खाली ड्रॅगन हिल नावाचा सपाट माथ्याचा उंचवटा आहे. सेंट जॉर्ज या ख्रिस्ती संताने तेथे ड्रॅगनला मारले आणि रक्त सांडले त्या जागी गवत उगवत नाही, अशी कथा आहे. माथ्यावर खडूचा एक उघडा पट्टा खरोखरच दिसतो. घोड्याच्या वरच्या बाजूस लोहयुगातील किल्ल्याचा मातीचा तट आहे. तेथून रिजवे या प्राचीन वाटेने पश्चिमेकडे सुमारे अडीच किलोमीटर चालल्यास बीचच्या झाडांत वेलँड्स स्मिदी ही पाच हजार वर्षांहून जुनी दगडी समाधी लागते. तेथे घोडा आणि एक नाणे ठेवून गेल्यास अदृश्य लोहार नाल ठोकून देतो, असे लोक सांगत. ही वाट वहिनींना जड जाईल, त्यांना तटावर बसवून आपण एकट्याने जाऊन यावे. जुलैमध्ये चंडोल सतत गात असतो आणि वारा फार असतो. स्वेटर नक्की घ्यावा.

कुडाळचा रहिवासी यांचे उत्तर

वरील सर्व वाचून आनंद झाला, परंतु एक इशारा देणे माझे कर्तव्य समजतो. घोड्याची रीत पाहून कोणी आपल्या कातळशिल्पांत चुना, खडू किंवा रांगोळी भरू नये. घोडा मुळातच खडूने भरलेला आहे, त्यामुळे नवा खडू घालणे ही त्याची खरी दुरुस्ती आहे. कातळशिल्प म्हणजे जांभ्यात खोदलेली खाच असते. तिच्यात बाहेरचा पदार्थ गेला की तो छिद्रांत बसतो आणि मूळ छिन्नीच्या खुणा झाकतो. छायाचित्र चांगले यावे म्हणून लोक असे करतात. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे असताना गेल्यास काहीही न भरता सर्व रेषा स्वच्छ दिसतात.

कोकणातील नऊ स्थळांची नावे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील बारसू, कशेळी, उक्षी, जांभरूण, रुंढे तळी, देवीहसोळ, देवाचे गोठणे ही सात, आमच्या सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील एक, अशी स्थळे आहेत. आपल्या गावासारखे इतर सडे मात्र या यादीबाहेर आहेत आणि तेथे पहिला पहारा गावानेच ठेवावा लागेल. चित्रांभोवती जांभ्याचा सुका गडगा (मातीचुन्याशिवाय रचलेली बुटकी भिंत) घालावा, एका बाजूस बेडे (आत जाण्याची वाट) ठेवावे, आणि जमीनमालकाला सुरुवातीपासून सोबत घ्यावे. गडगा चित्रापासून किमान दहा पावले दूर असावा, कारण सड्यावर रेषा कोठे संपतात हे माती आणि गवत काढल्याशिवाय कळत नाही.

सड्यावरचा यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनापासून आभार. गुहागरकर, आपण लिहिलेला पांढरा पट्टा मी घरी सर्वांना वाचून दाखवला. जुलैमध्ये स्वयंसेवकांचे काम चालू असेल, तर एक दिवस हातोडा मिळावा यासाठी मुलगी चौकशी करीत आहे. मास्तर, आपण म्हणता तो झरा आमच्या घरामागे आहे आणि तो सड्याच्या पोटातूनच येतो, हे मला आजवर अशा रीतीने जोडून दिसले नव्हते.

कुडाळच्या बंधूंनी सांगितल्याप्रमाणे कोणतेही भरण आम्ही करणार नाही. काल संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी सड्यावर जाऊन आलो. माशाच्या शेपटीच्या पुढे, वाळलेल्या गवताखाली, आणखी एक वाकडी रेषा हाताला लागली. ती कोणाची आहे हे समजले नाही. मशीनची रेघ तिच्यापासून चार हातांवर थांबली आहे. आज सकाळी खाणवाल्याला तेथे नेऊन ती दाखवली. तो बराच वेळ उकिडवा बसून पाहत राहिला आणि गडग्यासाठी लागणारे तुटके चिरे स्वतःच्या ट्रॅक्टरने आणून देतो म्हणाला. येत्या रविवारी गावकीची बैठक आहे, तेथे दहा पावलांचे माप ठरवून घेतो.