जुन्या काटकसरीच्या सवयींपैकी आज खरोखर उपयोगी कोणत्या?

घरखर्च :

नमस्कार. आमचे घर चौघांचे आहे. गेल्या काही वर्षांत उत्पन्न जेमतेम वाढले आणि खर्च मात्र थांबायला तयार नाही, म्हणून आजीच्या काळातल्या काही सवयी मी घरात पुन्हा आणल्या. साबणाच्या झिजलेल्या चिपट्या नव्या वडीला चिकटवणे, आलेल्या पिशव्या घडी घालून ठेवणे, पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर याद्या लिहिणे, टूथपेस्टची नळी शेवटी कात्रीने कापून आतून निपटून घेणे, खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवणे, हे सगळे तीन महिने नेमाने चालू आहे. स्वयंपाकघरातला एक खण सुतळी, रबरबँड आणि झाकणांनी इतका भरला आहे की उघडताना अडकतो, पण महिनाअखेरीस हातात उरणाऱ्या रकमेत मला काहीही फरक दिसत नाही. पत्नीचे म्हणणे असे, की कल्पना माझ्या असतात आणि राबणे तिच्या वाट्याला येते. ते खोटे आहे असे मला म्हणता येत नाही. जुन्या सवयींपैकी कोणत्या आज खरोखर पैसा वाचवतात आणि कोणत्या नुसते समाधान देतात, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

हिशेबनीस :

आपला खण हेच अर्धे उत्तर आहे. ज्या काळात या सवयी रुजल्या त्या काळात वस्तू महाग होती आणि माणसाचा वेळ स्वस्त होता. सुतळी, कागद, डबा यांना तेव्हा खरोखर किंमत होती. आज या वस्तू सामानासोबत आपोआप घरात येतात आणि घराला वाकवणारा खर्च भाडे, हप्ते, इंधन आणि अन्न यांचा असतो. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्ये दाखवून दिले होते की कुटुंबाचे उत्पन्न जितके कमी, तितका त्यातला अन्नावर जाणारा वाटा मोठा. मिळकत तीच राहून भाव वाढले की आपण त्याच पायरीवर खाली सरकतो, आणि म्हणून काटकसरीची सुरुवात खणापासून न करता ताटापासून करावी असे माझे मत आहे.

जुन्या सवयींपैकी मी सर्वांत वर ठेवीन ती रोजचा खर्च हाताने लिहिण्याची. जपानमध्ये हानी मोतोको यांनी 1904 साली घरखर्चाची वही छापून प्रचारात आणली, आणि तिथे तो प्रकार आजही टिकून आहे. त्यातली खुबी नोंदीइतकीच क्रमात आहे: महिन्याच्या पहिल्या दिवशी शिल्लक टाकायची रक्कम आधी बाजूला काढायची आणि उरलेल्यात घर चालवायचे, शेवटी काय उरते याची वाट पाहायची नाही. मी माझ्या वहीत एक रकाना जास्तीचा आखला आहे, त्याचे नाव ‘टाकून दिले’. कुजलेली भाजी, बुरशी आलेला पाव, डब्याच्या तळाशी विसरलेले उरलेसुरले, जे कचऱ्यात जाईल ते त्याच्या अंदाजे किमतीसह तिथे लिहायचे. पहिल्या महिन्याची बेरीज पाहून मी वही मिटूनच ठेवली होती. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालाचा अंदाज असा, की 2022 मध्ये जगभरात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले 60 टक्के घराघरांतून गेले; माणशी घरगुती नासाडी वर्षाला 79 किलो पडते. चौघांच्या घरात साबणाच्या किती चिपट्या जोडल्या म्हणजे याची भरपाई होईल, हा हिशेब आपणच करावा.

यावरचे उपाय साधेच आहेत. नवे सामान मागे ठेवून जुने पुढे ओढणे, कपाट उघडून पाहिल्याशिवाय यादी न करणे, उरलेल्या अन्नाच्या डब्यावर तारखेची चिठ्ठी लावणे आणि आठवड्यातून एकदा केवळ उरलेल्यातून जेवण रांधणे. उरलेले अन्न मात्र दोन तासांच्या आत थंड जागी ठेवावे, कारण शिजवलेल्या भातात वाढणाऱ्या एका जीवाणूचे विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. दुखण्यावर होणारा खर्च आपल्या वहीत येऊ नये.

मंद_आच :

हिशेबनीस यांच्याशी सहमत. मी इंधनापुरतेच लिहितो. दिवे मालवण्याची सवय चांगली आहे, पण तिचे मोल ठरले ते जुन्या तारेच्या दिव्यांच्या काळात. 60 वॅटचा तसा दिवा रोज पाच तास लावला तर वर्षाला सुमारे 110 युनिट खातो, आणि तितकाच उजेड देणारा 9 वॅटचा एलईडी दिवा जेमतेम 16. याउलट 20 लिटर पाणी 20 अंशांवरून 40 अंशांपर्यंत तापवायला अर्ध्या युनिटच्या जवळपास वीज लागते. म्हणजे अंघोळीचे एक बादली पाणी विजेवर तापवण्याचा खर्च आणि एलईडी दिवा सलग 50 तास जळत ठेवण्याचा खर्च जवळजवळ सारखाच. घरात दिव्यावरून रागावणे पुष्कळ ऐकू येते. गरम पाण्याच्या नळावरून कोणी रागावल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

शेगडीचेही तसेच. पाणी एकदा उकळू लागले की आच कितीही वाढवा, त्याचे तापमान वाढत नाही, केवळ वाफ वाढते; आणि एक लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साडेसहा पटींहून अधिक उष्णता तेच पाणी पूर्ण आटवायला लागते. उकळी येताच आच मंद करणे आणि झाकण न काढणे, या आजीच्या दोन गोष्टींमागे हे भौतिकशास्त्र आहे. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी साधारण 120 अंशांपर्यंत तापते, म्हणून वेळ वाचतो. कडधान्ये रात्री भिजवली की तो आणखी कमी होतो.

याहून जुनी एक युक्ती आहे, ती म्हणजे गवताची पेटी. युद्धकाळात इंधनाची टंचाई असताना युरोपात ती बरीच वापरली गेली. मी गवताऐवजी पुठ्ठ्याच्या खोक्यात जुने ब्लँकेट चारही बाजूंनी दाबून बसवले आहे आणि मधोमध भांड्याच्या मापाचा खळगा ठेवला आहे. रस्सा उकळी आणून दहा-पंधरा मिनिटे शिजवायचा, भांडे झाकणासकट खळग्यात उतरवायचे, वर उशी दाबायची आणि तीन-चार तास विसरून जायचे. शेगडी बंद असते आणि आतले शिजत राहते. दोन पथ्ये मात्र पाळावीच लागतात. खाण्याआधी पुन्हा उकळी आणावी, कारण 60 अंशांखाली उतरलेले अन्न तसेच राहिले तर जीवाणू वाढतात. दुसरे, राजमा कधीही थेट पेटीत ठेवू नये. त्यातले नैसर्गिक विष मंद उष्णतेने नष्ट होत नाही. किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात तो खळखळून उकळावाच लागतो, दहा मिनिटे तरी आणि खात्रीसाठी अर्धा तास.

दोन_टाके :

शिवणकामाविषयी लिहायला कोणी नाही असे दिसते, म्हणून मी लिहिते. ब्रिटनमध्ये 1 जून 1941 पासून कपड्यांवर नियंत्रण आले आणि ते 1949 पर्यंत टिकले. त्या काळात बायकांनी वापरलेली चादरीची एक युक्ती मी अजूनही करते. चादर नेहमी मधोमध विरते, कडा जवळजवळ नव्या राहतात. उजेडासमोर धरली की मधला भाग जाळीसारखा दिसू लागतो. फाटायच्या आधी, त्याच वेळी ती लांबीच्या रेषेत बरोबर मधोमध कापायची, दोन्ही अखंड कडा आत आणून एकमेकींना सपाट टीप घालायची आणि विरलेल्या बाजू, ज्या आता बाहेर गेल्या, त्या दुमडून शिवायच्या. पहिल्या दोन-तीन रात्री मधली शिवण पाठीला जाणवते, पुढे लक्षातही राहत नाही. रफूचेही असेच आहे: भोक पडल्यावर करण्यापेक्षा वीण विरळ होताच करावे, आणि दोरा ताणू नये, नाहीतर चुण्या पडतात.

पण प्रामाणिकपणे सांगते, मी पायमोजे रफू करणे केव्हाच सोडले. अर्ध्या तासाचे काम, आणि शेजारचा धागा आठवड्यात तुटतो. कोट, चादर, दप्तर, लोकरीचे कपडे यांना हात लावावा. बाकीच्यांची फडकी करावीत. आणि घरखर्च यांना एक विनंती आहे. आपल्या पत्नीचे म्हणणे वहीत लिहा. प्रत्येक काटकसरीपुढे ती कोणी केली आणि किती वेळ लागला, हे महिनाभर नोंदवा. आमच्या घरात हा रकाना भरल्यानंतर भाजी निवडणे आणि डबे धुणे ही कामे आपोआप चौघांत वाटली गेली.

काठावरचा :

घाऊक खरेदीचा सल्ला अजून कोणी दिला नाही, हे बरे झाले. मी वर्षाचे धान्य एकदम भरले, त्यातल्या एका पोत्याला कीड लागली आणि सवलतीत वाचलेले सगळे त्यात गेले. शिवाय घरात साठा दिसला की हात सैल सुटतो. आणि दाताची कीड, छताची गळती, गाडीचे झिजलेले टायर यांवरचा खर्च पुढे ढकलणे ही काटकसर नव्हे. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, अशी ती गत होते.

घरखर्च :

सहा आठवड्यांनी लिहीत आहे. ‘टाकून दिले’ या रकान्यात सर्वांत मोठी नोंद पालेभाज्यांची निघाली. आता एकदम न आणता आठवड्यातून दोनदा थोड्या आणतो. त्याखालोखाल, कोणी पाहतही नसलेल्या दोन वर्गण्या दरमहा आपोआप कापल्या जात होत्या, त्या बंद केल्या. वेळेचा रकाना पत्नीने स्वतः भरला आणि तो वाचल्यापासून डबे मी धुतो. खण रिकामा केला, सुतळीचा एक गुंडा तेवढा ठेवला आहे. एक शंका उरली आहे. पेटीतले भांडे चार तासांनी उघडले तेव्हा तापमान 52 अंशच भरले. ब्लँकेट जाड आहे, मग चूक कुठे झाली असावी?

मंद_आच :

भांडे अर्धेच भरले असेल. उष्णता धरून ठेवतो तो आतला रस्सा, रिकामी जागा नव्हे. म्हणून पेटीत नेहमी जवळजवळ काठोकाठ भरलेले भांडे ठेवावे, आणि अन्न थोडेच असेल तर लहान भांडे घेऊन भोवतीचा खळगा कापडाने भरावा. खाली पुठ्ठा उघडा असेल तर तिथूनही ऊब निघून जाते, तेव्हा तळाशीही ब्लँकेटची एक घडी घाला. आणि 52 अंशांवर उतरलेला तो रस्सा किती वेळ तसा राहिला हे कळायला मार्ग नाही, तेव्हा एवढा एक ‘टाकून दिले’ या रकान्यात जाऊ द्यावा.